भरलेलं मूत्राशय, रिकामं गुदाशय

रेडिएशन विभागाबाहेर प्रोस्टेट कॅन्सरचा पेशंट ओळखायला सोपा. हातात पाण्याची बाटली, नजर घड्याळावर, पाय एकमेकांना घट्ट चिकटलेले. आधी लघवी करून यायचं, मग ठरवून दिलेलं पाणी प्यायचं, बहुतेक ठिकाणी अर्धा लिटरच्या आसपास, आणि नंबर येईपर्यंत अर्धा-पाऊण तास कळ काढायची. आतलं यंत्र कितीही अचूक असो, नेम बसण्यात या पाण्याचाही वाटा असतो.

जागाच अडचणीची आहे. प्रोस्टेट ही पुरुषांतली अक्रोडाएवढी ग्रंथी मूत्राशयाच्या खाली आणि गुदाशयाच्या पुढ्यात, दोघांना खेटून बसलेली. मूत्रमार्ग तर तिच्या पोटातूनच जातो. मूत्राशय भरलं की त्याचा बराच भाग वर सरकतो आणि आतड्याची वेटोळीही किरणांच्या वाटेतून दूर होतात. गुदाशयाचं उलट. तिथे मल किंवा गॅस साठला की ग्रंथी काही मिलिमीटर पुढे ढकलली जाते, आणि इथे मिलिमीटरचाच हिशेब असतो. सुरुवातीच्या सीटी स्कॅनला पोटातली जी स्थिती होती, तीच रोज जमवून आणायची. अनेकदा ग्रंथीत आधीच सोन्याचे बारीक कण सुईने बसवून ठेवतात. साध्या एक्स-रेत ग्रंथी दिसत नाही, पण सोनं लख्ख दिसतं. त्या खुणा पाहून टेबल दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे सरकवतात आणि मगच किरण सोडतात.

या उपचाराला बोलीत ‘शेक’ म्हणणारेही आहेत. शब्द फसवा आहे, कारण टेबलावर काहीच गरम लागत नाही. किरण पेशीतल्या डीएनएचे धागे तोडतात. दोन्ही धागे जवळजवळच तुटले की दुरुस्ती अवघड होते. पेशी मात्र त्याच दिवशी मरत नाही; पुढे कधीतरी विभागायला जाते तेव्हा कोसळते.

निरोगी पेशींना सावरायला वेळ मिळावा म्हणून मात्रा रोज थोडीथोडी देतात. पूर्वी रोज 2 ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं एकक), अशा 37 ते 39 सिटिंग, म्हणजे सात-आठ आठवडे. पण प्रोस्टेटचा कॅन्सर इतर बऱ्याच कॅन्सरपेक्षा वेगळा निघाला. एका वेळची मात्रा वाढवली की तो जास्त मार खातो. ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीने 2016 साली दाखवलं की 20 सिटिंगमध्ये 60 ग्रे दिले तरी परिणाम कमी पडत नाही. मग 2024 मध्ये कमी आणि मध्यम जोखमीच्या रुग्णांसाठी पाच सिटिंगमध्ये 36.25 ग्रेचे आकडेही तसेच चांगले आले. आठ आठवड्यांच्या खेपा पाचवर येणं, हा मला गेल्या काही वर्षांतला सगळ्यात सुखावणारा बदल वाटतो.

दुसरी तऱ्हा म्हणजे किरणांचा उगमच ग्रंथीत नेऊन ठेवायचा, म्हणजे ब्रेकीथेरपी. आयोडीन-125 चे दाणे कायमचे आत राहतात आणि दर 60 दिवसांनी त्यांचा जोर निम्मा होतो. आजार जास्त जोखमीचा असेल तर रेडिएशनच्या जोडीला टेस्टोस्टेरॉन दाबणारी इंजेक्शनं देतात.

लघवीला वारंवार जावं लागणं, जळजळ आणि शौचाची घाई हे त्रास बहुधा काही आठवड्यांत ओसरतात. लिंगाच्या ताठरतेवर होणारा परिणाम मात्र हळूहळू, महिन्या-वर्षांनी जाणवू शकतो. डॉक्टरने तो आधीच सांगायला हवा. विचारायला पेशंट लाजतो.

रेडिएशन संपल्यावर खरी परीक्षा घरच्यांची. शस्त्रक्रियेनंतर पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या पेशींतून रक्तात येणारं प्रथिन, काही आठवड्यांत जवळपास शून्यावर येतो. इथे ग्रंथी जागेवरच असते आणि पेशी सावकाश मरतात, त्यामुळे तळ गाठायला दीड-दोन वर्षंही लागतात. मधेच आकडा थोडा चढतो आणि आपोआप उतरतो. तेवढ्यावरून आजार उलटला असं डॉक्टर धरत नाहीत. आतापर्यंतच्या सगळ्यात कमी आकड्यापेक्षा पीएसए मिलिलिटरमागे 2 नॅनोग्रॅमने किंवा जास्त वाढला, तरच पुढच्या तपासण्या सुरू होतात.