थांबणारे लोक आपल्याला वाटतात त्यापेक्षा जास्त आहेत

मे महिन्यात दुपारच्या वेळी यवतमाळ-दारव्हा रोडनं गेलं तर कोणत्या ना कोणत्या फाट्यावर कोणीतरी उभं असतंच. एसटी निघून गेलेली असते नाहीतर आलेलीच नसते, डोक्याला दुपट्टा बांधलेला, हातात वायरची थैली, आणि मोटारसायकल दिसली की हात वर येतो पण अर्धाच येतो. थांबला तर थांबला, नाहीतर आपण हात दाखवलाच नव्हता असं. त्या अर्ध्या हातामागं एक हिशेब आहे, की आपल्यासाठी कोण थांबतंय. आणि अनोळखी माणसांच्या मदतीवर गेल्या काही वर्षांत जे संशोधन झालंय त्यातलं सगळ्यात कामाचं मला हेच वाटतं, की हा हिशेब चुकतो आणि दरवेळी एकाच बाजूला चुकतो. लोक जेवढे तयार असतात त्यापेक्षा आपण त्यांना कमी धरतो.

हे नुसतं वाटण्यावरचं नाहीये, मोजलेलं आहे. 2008 साली फ्रान्सिस फ्लिन आणि व्हेनेसा लेक या दोघांनी अमेरिकेत एक साधा प्रयोग केला. काही विद्यार्थ्यांना सांगितलं की जा, अनोळखी लोकांना गाठा आणि 5 जणांकडून एक फॉर्म भरून आणा, पण जायच्या आधी अंदाज सांगा की 5 जण मिळायला किती जणांना विचारावं लागेल. सरासरी अंदाज आला 20 चा. प्रत्यक्षात दहाएक जणांना विचारल्यावर काम झालं. मग दुसरं काम दिलं, अनोळखी माणसाचा मोबाईल मागायचा, एक फोन लावायला. 3 जणांनी मोबाईल द्यावा म्हणून दहा जणांना विचारावं लागेल असं वाटलं होतं, सहा जणांतच झालं. तिसरं तर फारच छान आहे, अनोळखी माणसाला म्हणायचं की मला जिमचा रस्ता सापडत नाहीये, तिथपर्यंत सोबत येता का. सात जणांना विचारावं लागेल असं वाटलं, आणि प्रत्यक्षात दोन-तीन जणांत एक जण सोबत चालायला लागला.

एवढा फरक का पडतो, तर मागणारा आणि देणारा दोघं वेगवेगळ्या गोष्टीकडं बघत असतात. मागणारा बघतो की समोरच्याला किती त्रास होईल, त्याचा वेळ जाईल, पेट्रोल जाईल, आपलं सामान आहे, घामेजलेले कपडे आहेत. आणि ज्याला मागितलं तो विचार करतो की आता तोंडावर नाही कसं म्हणायचं. माणसाला तोंडावर नाही म्हणणं जड जातं, हे मागणाऱ्याच्या डोक्यात त्या वेळेला येतच नाही. म्हणून समोर जाऊन "भाऊ, दारव्ह्यापर्यंत सोडून देता का?" असं विचारलेलं जेवढं चालतं तेवढा लांबून दाखवलेला अर्धा हात चालत नाही. बोन्स, म्हणजे त्याच व्हेनेसा लेक, यांनी महदी रोघानीझाद यांच्यासोबत 2017 मध्ये हेच तपासलं, एकच विनंती कोणी समोर जाऊन केली आणि कोणी ईमेलनं पाठवली, आणि समोरासमोरची विनंती 34 पटीनं जास्त चालली. पाठवणाऱ्यांना मात्र वाटत होतं की दोन्हीत काही फार फरक नाही. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रक्त पाहिजे म्हणून मेसेज टाकून वाट बघत बसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं. मेसेज टाका, पण टाकल्यावर दोन-चार घरी स्वतः जा.

आता ही झाली मागणाऱ्याची बाजू. देणाऱ्याचाही अंदाज चुकतो, आणि तोही कमीच धरण्यात चुकतो. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या दोघांनी शिकागोत कडाक्याच्या थंडीत, बर्फावर स्केटिंग करायची जागा असते तिथं, आलेल्या लोकांना गरम चॉकलेटचा कप दिला आणि म्हणाले, हा तुम्ही ठेवू शकता नाहीतर इथल्या कोणत्याही अनोळखी माणसाला देऊ शकता. ज्यांनी दिला त्यांना विचारलं की घेणाऱ्याला किती बरं वाटेल, आणि मग घेणाऱ्याला जाऊन विचारलं की किती बरं वाटलं. देणाऱ्यांचे आकडे घेणाऱ्यांपेक्षा बरेच कमी. कारण देणारा कपाकडं बघतो, एक कप चॉकलेट, त्यात काय एवढं. घेणारा कपाकडं बघतच नाही, तो बघतो की ओळख ना पाळख आणि या माणसानं माझा विचार केला.

आपल्याकडं याची जागा थंडीत नाही, उन्हात आहे. अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरी, मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला तर कोणाला नवल वाटत नाही, आणि त्याच दिवसात रोडच्या कडेला पाणपोया लागतात. तट्ट्याचा मांडव, ओल्या रेतीत अर्धे पुरलेले दोन रांजण, त्यांना पोतं गुंडाळलेलं आणि ते पोतंही सतत ओलं ठेवलेलं. रांजणाच्या मातीतून पाणी बारीक बारीक पाझरत राहतं, बाहेर आल्यावर उडून जातं आणि उडताना उष्णता सोबत घेऊन जातं, त्यामुळं आतलं पाणी गार. विदर्भाचा उन्हाळा कोरडा म्हणून हे इथं एवढं चांगलं चालतं, कोकणात तेवढं चालणार नाही. पण रांजण आपोआप भरत नाही. सकाळी कोणीतरी हापशीवरून पाणी आणतं, पोतं भिजवतं, दुपारी परत भिजवतं. आणि तिथं बसलेली मावशी ओगराळ्यानं ओंजळीत पाणी ओतताना म्हणते, "घ्या जी अजून, गार हाय." तिला कोणी विचारलं की याचं एवढं काय, तर ती म्हणेल पाणीच तर आहे. तिचा अंदाज शिकागोवाल्यांसारखाच चुकलेला आहे, कारण उन्हातून सायकलनं आलेल्या माणसाला ते पाणीच आणि तो "अजून घ्या"च दिवसभर पुरतो.

कुमार आणि एप्लींनी पुढं आणखी एक गोष्ट दाखवली, ज्याला अशी अचानक मदत मिळते तो नंतर दुसऱ्याच तिसऱ्या माणसाशी वागताना जास्त मोकळ्या हातानं देतो, आणि देणाऱ्याला याचाही अंदाज नसतो.

काही जण म्हणतील की हे सगळं संस्कारानं येतं, शिकवावं लागतं. थोडं शिकवावं लागत असेलही, पण सुरुवात फार लवकर होते. फेलिक्स वॉर्नकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी 2006 मध्ये दीड वर्षाच्या 24 पोरांसमोर एक अनोळखी मोठा माणूस उभा केला. तो कपडे वाळत घालताना चिमटा खाली पाडायचा आणि हात पुरत नाही असं करायचा. पोरं दुडुदुडु जाऊन चिमटा उचलून द्यायची, कोणी सांगितलं नाही, कोणी शाबासकीही दिली नाही, आणि 24 पैकी 22 पोरांनी वेगवेगळ्या कामांत निदान एकदा तरी मदत केली. पण त्याच माणसानं चिमटा मुद्दाम फेकला तर पोरं सहसा जागची हलायची नाहीत. म्हणजे ज्यांना नीट बोलताही येत नाही त्यांना कळतं की याला गरज आहे की नाही. 2008 मध्ये त्यांनीच असंही बघितलं की मदतीबद्दल खेळणं बक्षीस द्यायला सुरुवात केली तर नंतर ती पोरं कमी मदत करतात. घरी आलेल्या पाहुण्याला पोरानं पाण्याचा गिलास नेऊन दिला की लगेच त्याच्या हातावर चॉकलेट ठेवायची सवय असेल, तर यावर जरा विचार करायला हरकत नाही.

आणि देणाऱ्याला स्वतःला काय मिळतं, यावरही काम झालंय. एलिझाबेथ डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 मध्ये 46 जणांना सकाळी 5 किंवा 20 डॉलर दिले, काहींना म्हटलं स्वतःवर खर्च करा, काहींना म्हटलं दुसऱ्यावर करा. संध्याकाळी दुसऱ्यावर खर्च करणारे जास्त खुश होते आणि 5 होते की 20 याचा फरक पडला नाही. हे फक्त खात्यापित्या देशातलं असेल असं वाटू शकतं, म्हणून पुढं पॅसिफिकमधल्या व्हानुआटू देशाच्या एका बेटावर, अगदी लहान खेड्यात, गोळ्या-मिठाई वाटून तपासलं आणि तिथंही तसंच दिसलं.

मग प्रश्न पडतो की एवढं सगळं आत असताना आपण रोडनं सरळ निघून का जातो. यातलं सगळ्यात साधं कारण मला सगळ्यात खरं वाटतं, ते म्हणजे घाई. 1973 साली जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांनी प्रिन्स्टनमधल्या 40 धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत भाषण द्यायला पाठवलं. वाटेत एक माणूस दारात मान टाकून बसलेला, खोकतोय, कण्हतोय. काहींना भाषणाचा विषयच दिला होता वाटेत पडलेल्या परक्या माणसाला मदत करण्याच्या बायबलमधल्या गोष्टीचा. ज्यांना वेळ होता त्यांच्यातले 63 टक्के थांबले, थोडी घाई होती त्यांच्यातले 45, आणि ज्यांना सांगितलं होतं की उशीर झालाय पळा, त्यांच्यातले फक्त 10 टक्के. विषय कोणता होता यानं फारसा फरक पडला नाही. सोयाबीन कापून शेतात पडलंय, वरून ढग दाटून आलेत, मळणीयंत्रवाला वाट बघतोय, अशा वेळी गाडी न थांबवणाऱ्या माणसाला दगडाच्या काळजाचा म्हणताना हा प्रयोग आठवावा.

दुसरं कारण घाईपेक्षा कडू आहे आणि ते टाळून लिहिणं मला बरोबर वाटत नाही. आपल्याकडं गाडीवर बसवल्यावर दुसरा-तिसरा प्रश्न येतो, "आडनाव काय म्हणाले?" आणि उत्तर ऐकून आवाज बदलतो, कधी जास्त गोड होतो, कधी गप्प होतो. पाण्याचा तर इतिहासच असा आहे की अनेक गावांत एकाच विहिरीवर सगळ्यांना जाता येत नव्हतं. परका कोण, हे ठरवणारी रेघ आपल्याकडं जातीनं फार खोल ओढलेली आहे. पण ती रेघ हलते, हे दाखवणारा एक प्रयोग आहे. इंग्लंडमध्ये मार्क लेव्हिन यांनी 2005 मध्ये मँचेस्टर युनायटेडचे फॅन बोलावले, आधी त्यांच्या टीमबद्दल लिहायला लावलं, मग वाटेत एक पळणारा माणूस पडून पाय धरून कण्हताना दाखवला. त्याच्या अंगात मँचेस्टरची जर्सी असली तर 92 टक्के मदतीला गेले, कट्टर विरोधी लिव्हरपूलची असली तर 30, साध्या शर्टाला 33. मग दुसऱ्यांदा मँचेस्टर युनायटेडचेच दुसरे फॅन बोलावले, फक्त आधी लिहायला लावलं ते फुटबॉलचा चाहता असणं म्हणजे काय यावर. आता लिव्हरपूलच्या जर्सीलाही 70 टक्के मदत मिळाली. साधा शर्टवाला मात्र तसाच मागं राहिला, 22 वर. आपले कोण याची व्याख्या काही मिनिटांच्या लिखाणानं रुंदावली, आणि तरी कोणीतरी बाहेर राहिलंच, हे दोन्ही एकत्र बघायला पाहिजे. प्रकटदिनाला अकोल्याकडून पायी शेगावला निघालेल्या माणसाला रोडवर चहा-नाश्ता देणारे त्याचं गाव विचारत नाहीत, दीक्षाभूमीला येणाऱ्याला नागपुरात जागोजागी जेवण वाढणारेही विचारत नाहीत, कारण त्या दिवशी तो पायी निघालेला आहे किंवा दीक्षाभूमीला आलेला आहे एवढीच ओळख पुरते. उरलेल्या दिवसांसाठी कोणती ओळख पुरेल यावर आपल्या गावांनी खरंच बोलायला पाहिजे.

तिसरं कारण गर्दी. 1968 मध्ये डार्ली आणि बिब लाटाने यांनी दाखवलं की दुसऱ्या खोलीत कोणाला तरी फिट आल्याचा आवाज ऐकू आला आणि ऐकणारा आपण एकटेच आहोत असं समजत असेल, तर तो फिट चालू असतानाच उठून सांगायचं प्रमाण 85 टक्के, आणखी चार जण ऐकतायत असं वाटलं तर 31. हे इतक्या ठिकाणी छापून आलं की गर्दी म्हणजे नुसती बघे असं सगळ्यांचं ठाम मत झालं. पण 2020 मध्ये ॲमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाऊनमधल्या रस्त्यावरच्या खऱ्या भांडणांचं 219 सीसीटीव्ही फुटेज तपासलं, तेव्हा 91 टक्के वेळा कोणी ना कोणी मध्ये पडलेलं होतं, आणि जेवढे लोक जास्त तेवढी कोणीतरी मध्ये पडायची शक्यता जास्त. एकेक माणूस कचरतो हे खरं, पण गर्दीत निदान एक जण न कचरणारा बहुतेक वेळा असतो.

ॲक्सिडेंटच्या वेळी मात्र आपल्याकडं कचरायला आणखी एक कारण होतं, पोलिसांची भीती. जखमीला उचललं तर आपल्यालाच चौकशीला बसवतील, कोर्टाच्या तारखा लागतील, ही भीती हवेतली नव्हती. 30 मार्च 2016 ला सुप्रीम कोर्टानं मदत करणाऱ्यांना संरक्षण देणाऱ्या नियमांवर शिक्का मारला आणि 2019 च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम 134 अ आलं. चांगल्या हेतूनं मदत करताना काही कमी-जास्त झालं तरी मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. पोलीस असो की दवाखाना, नाव-पत्ता सांगायची सक्ती करू शकत नाहीत, साक्षीदार व्हायचं की नाही हे त्याच्या मर्जीवर आहे. 2025 पासून गंभीर जखमीला पहिल्या तासात दवाखान्यात पोचवणाऱ्याला केंद्र सरकारचं 25,000 रुपयांचं बक्षीसही आहे. ज्याला ते नको असेल त्यानं 108 ला फोन लावावा, गाडी येईपर्यंत जखमीजवळ थांबावं आणि कोणालाही नाव न सांगता घरी जावं, कायद्यानं त्याला कोणी अडवू शकत नाही.