ऑर्केस्ट्रा वेगळा, बँड वेगळा

सोलापुरात ‘आज बँड आहे’ म्हटलं की समोरचा विचारतो, ‘कुणाची वरात?’ तो गोंधळ लगेच मिटतो. ऑर्केस्ट्राचा मिटत नाही. गिटार तीच, कीबोर्ड तोच, त्यामुळे जुळे सोलापूरच्या एखाद्या कॅफेत पोरं स्वतःची गाणी वाजवत असली तरी लोक ऑर्केस्ट्रा समजूनच बसतात.

ऑर्केस्ट्रातलं गाणं आधीपासून आपलं असतं. रफी, किशोर, आशाबाई. गायक मूळ गाण्याच्या जितका जवळ, तितक्या टाळ्या. ऑक्टोपॅड म्हणजे काठ्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य; ते वाजवणाऱ्याने ढोलकीचा तो नेमका तुकडा उचलला की हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहातली शेवटची रांगही दाद देते. हे काम सोपं नाही, त्याला मेहनत लागते.

स्वतंत्र बँडच्या बाबतीत ताडून पाहायला मूळ गाणंच नसतं. शब्द त्यांचे, चाल त्यांची, आणि ते ऐकणारे पहिले वीस-तीस जण कदाचित तुम्हीच. दिल्लीचा ‘इंडियन ओशन’ १९९० पासून अशीच स्वतःची गाणी बांधत आलाय. आपल्याकडच्या पोरांना मिळते तीस खुर्च्यांची खोली. एवढ्याशा जागेत ड्रमसेट गायकाचा आवाज गिळतो, म्हणून बरेचदा कहोन असतो. हे मूळचं पेरू देशातलं लाकडी खोकं. त्यावरच बसायचं आणि पुढची फळी हातांनी वाजवायची. मधे थाप पडली की खोल आवाज, वरच्या कडेला पडली की कोरडा. पुढे बसलात तर ठोका छातीत जाणवतो.

अशाच एका कार्यक्रमात गाणं चालू असतानाच फर्माइशीची चिठ्ठी पुढे गेली, जुन्या हिंदी गाण्याची. गायकाने ती वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि आपलं गाणं पहिल्या ओळीपासून पुन्हा धरलं. मला फार वाईट वाटलं. ऑर्केस्ट्रात चिठ्ठी म्हणजे प्रेम. इथे तिचा अर्थ ‘तुमचं नको’ असा होतो.

पैशाचंही निराळं. ऑर्केस्ट्राची सुपारी आधी ठरते, मंडळ किंवा यजमान देतो. कॅफेतल्या बँडला बरेचदा तिकिटातला वाटा मिळतो, कधी नुसतं जेवण. म्हणून ओळखीवर फुकट आत जाऊ नका, तिकीट काढा. आणि एखादी ओळ कळली नाही तर कार्यक्रम संपल्यावर त्यांनाच विचारा. आपल्या गावात मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नडही घराघरांत बोलतात. एखादा शब्द कुणाच्या आजीच्या तोंडचा निघेल.