‘अ‍ॅडाप्टिव्ह’ म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता नव्हे

लॅमिंग्टन रोडवर हेडफोनच्या खोक्यावर ‘अ‍ॅडाप्टिव्ह’ असे छापलेले दिसले, की आत कृत्रिम बुद्धिमत्ता असणारच, असा समज बरीच वर्षे रुजला आहे. तो चुकीचा आहे. चालू कामातील चूक मोजून त्या मापाने पुढची कृती बदलणारी पद्धत ती अनुकूली पद्धत, इतकाच या शब्दाचा अर्थ आहे.

दादरच्या एखाद्या छोट्या खोलीत फोन स्पीकरवर लावला, की पलीकडच्याचा आवाज भिंतींवर आपटून पुन्हा माईकमध्ये शिरतो. फोनमधील अनुकूली फिल्टर, म्हणजे आवाजातला नको तो भाग गाळणारी गणिती प्रक्रिया, त्या प्रतिध्वनीचा अंदाज करून तो वजा करतो, उरलेली चूक मोजतो आणि आपले गुणांक (अंदाज ज्यांवर ठरतो ते आकडे) किंचित सरकवतो. हे सेकंदाला हजारो वेळा घडते. यामागचे साधे गणित विड्रो आणि हॉफ या अमेरिकी अभियंत्यांनी १९६० मध्ये मांडले होते, आणि माझ्या मते हे जुनेपणच लोकांपर्यंत पोहोचायला हवे.

हाच शब्द इतर क्षेत्रांतही भेटतो. खगोलशास्त्रात, अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ बॅबकॉक यांनी १९५३ मध्ये सुचवलेल्या कल्पनेनुसार, वातावरणाने थरथरणारी ताऱ्याची प्रतिमा दुर्बिणीतला आरसा वाकवून सावरली जाते. संख्यात्मक गणितात, म्हणजे उत्तर टप्प्याटप्प्याने आकडेमोड करून काढताना, वक्र जिथे झपाट्याने वळतो तिथे चूक वाढू नये म्हणून पावले लहान केली जातात. जीवशास्त्रातील उत्क्रांतीजन्य अनुकूलन मात्र पिढ्यान्‌पिढ्या, निवडीतून घडते. तिथे चूक मोजणारे कोणी नसते.