‘थांब’ आणि ‘चालू’ एकदम आलं तर?
सोसायटीच्या कमिटीसाठी: नव्या पंप कंट्रोलरच्या आतला प्रोग्रॅम

नवा कंट्रोलर जुन्यापेक्षा महाग का, हे गोरेगावच्या आमच्या वर्कशॉपमध्ये येणारे सेक्रेटरी हमखास विचारतात. पेटी तीच, रिले तेच. बदललाय तो आतला प्रोग्रॅम.

पालिकेचं पाणी खालच्या टाकीत पडतं, पंप ते गच्चीवर चढवतो. कंट्रोलरने बघायचं काय, तर दोन फ्लोट (टाकीतली पातळी सांगणारे तरंगते स्विच), व्होल्टेज आणि वॉचमनचं बटण. आमच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येकाचा वेगळा तुकडा होता आणि ते आळीपाळीने चालायचे. एका सोसायटीत खालची टाकी तळाला लागली आणि नेमकं तेव्हाच वॉचमनने बटण दाबलं. फ्लोटचं ‘थांब’ आधी वाचलं गेलं, बटणाचं ‘चालू’ नंतर. फ्लोटची खबर तर एकदाच यायची. पंप रात्रभर कोरडा फिरला, मेकॅनिकल सील जळालं. सीलचा खर्च आम्हीच भरला. टेबलावर तीच चूक पुन्हा घडवायला मात्र नऊ दिवस गेले, कारण सगळा खेळ काही मिलिसेकंदांचा होता.

अशा कामांसाठी फ्रान्समध्ये १९८० च्या दशकात सिंक्रोनस, म्हणजे एका ठोक्यावर चालणाऱ्या, प्रोग्रॅमिंग भाषा घडल्या: संगणकशास्त्रज्ञ जेरार बेरी यांच्या गटाची एस्टेरेल, ग्रेनोबल शहरातली लुस्त्र, रेन शहरातली सिग्नल. लुस्त्रवर उभं असलेलं ‘स्केड’ हे सॉफ्टवेअर एअरबसच्या उड्डाण-नियंत्रणात वापरलं गेलंय. पंपाला एवढं कशाला, असं आमच्याच फोरमनने विचारलं होतं. सीलचं बिल बघून गप्प बसला.

लेझीम खेळताना हलगीच्या ठोक्यावर सगळे एकदम पाऊल टाकतात, मधे कुणी हलत नाही. आमचा नवा, एस्टेरेलमधला प्रोग्रॅमही तसाच ठोक्यावर चालतो. ठोका पडला की सगळे सिग्नल एकत्र वाचायचे, हिशेब करायचा, पंपाला हुकूम द्यायचा. हिशेबाला वेळ लागतच नाही असं धरून लिहायचं. प्रत्यक्षात लागतो, म्हणून सर्वांत लांबचा हिशेबही पुढच्या ठोक्याआधी, म्हणजे आमच्याकडे १० मिलिसेकंदांत, संपतो की नाही हे आम्ही तपासतो. एस्टेरेलमध्ये लिहिलेल्यातून कंपायलर (भाषांतर करणारा प्रोग्रॅम) सी भाषेतला कोड काढतो, तोच चिपमध्ये जातो.

मग ‘थांब’ आणि ‘चालू’ एकाच ठोक्यात आलं तर? ‘खालची टाकी रिकामी’ ही अट बाहेर, बटणाचा नियम तिच्या पोटात. बाहेरची अट लागली की आतलं सगळं त्याच क्षणी मोडतं. आधी कोण वाचलं गेलं, हा प्रश्नच उरत नाही.

कंपायलर हट्टीही आहे. एका कमिटीने सांगितलं, ‘ब’ विंगचा पंप बंद असेल तर ‘अ’चा चालू करा, आणि ‘अ’चा बंद असेल तर ‘ब’चा. ऐकायला बरोबर. पण दोन्ही बंद असताना आधी कुणी उठायचं? एकाच ठोक्यात दोन उत्तरं निघतात म्हटल्यावर कंपायलरने प्रोग्रॅम घेतलाच नाही. कमिटीला फोन करून विचारावं लागलं. ‘अ’ आधी, असं ठरलं (‘ब’ विंगवाले अजून कुरकुरतात).

फ्लोट गाळात अडकला किंवा उंदराने वायर कुरतडली, तर कुठलीही भाषा कामाची नाही. टाकी साफ कराल तेव्हा फ्लोट हाताने वर-खाली करून बघा.

नवा नियम हवा असेल तर लेटरहेडवर साध्या मराठीत लिहून पाठवा. दोन गोष्टी एकदम झाल्या तर कुणाचं ऐकायचं, हेही त्यातच लिहा. नाहीतर आमचा फोन येईलच.