स्मोरब्रोड आणि हॉनमॅड: ब्रेड एकच, जेवण वेगळं

कोपनहेगनच्या नॉरेपोर्ट स्टेशनातून वर आलं की जवळच टॉर्व्हहॅलर्ने हा खाद्यबाजार आहे. काचेची दोन लांब दालनं आणि आत गाळ्याला गाळा लागलेला. तिथल्या स्मोरब्रोडच्या, म्हणजे ब्रेडच्या एका कापावर थर रचून केलेल्या डॅनिश पदार्थाच्या, काउंटरपाशी नव्याने डेन्मार्कला आलेल्या मराठी मंडळींना घेऊन गेलं की एक प्रतिक्रिया हमखास येते: "हे तर आमच्या ऑफिसातले लोक रोज डब्यात आणतात तेच की! मग याला एवढे पैसे कशाला?"

शंका रास्त आहे. ऑफिसच्या डब्यातही राय या गव्हासारख्या धान्याचा काळा ब्रेड असतो, त्यावर लोणी, लोण्यावर मांसाचा किंवा माशाचा काहीतरी थर, आणि झाकायला वरून दुसरा तुकडा नाही. काचेमागे मांडलेल्या स्मोरब्रोडचं वर्णन करायला गेलं तर तेही हेच करावं लागेल. पण डब्यातल्या प्रकाराला डेन्मार्कमध्ये हॉनमॅड म्हणतात. तो हातात धरून खायचा. स्मोरब्रोड ताटलीत येतं आणि ते काट्या-सुरीनेच खायचं. हा फरक नुसत्या शिष्टाचाराचा नाही. पदार्थ कसा रचलाय, कोणी रचलाय आणि कशासाठी, हे सगळं त्यात येतं. तो लक्षात न घेता काउंटरवर उभं राहिलं तर चुकीचं मागवलं जातं, आणि मागवलेलं चुकीच्या पद्धतीने खाल्लंही जातं.

(स्वीडनचं स्मोर्गसबोर्ड हा तिसराच प्रकार. तिथे अनेक पदार्थ टेबलावर मांडलेले असतात आणि आपलं आपण वाढून घ्यायचं असतं. नावं जवळची असल्यामुळे त्याचीही सरमिसळ होते, पण त्याचा इथे संबंध नाही.)

आधी दोघांमध्ये सामाईक काय आहे ते पाहू, कारण खरी गंमत तिथे आहे. ब्रेडचं नाव रूब्रोड. उत्तरेच्या थंड, ओलसर हवेत आणि हलक्या जमिनीत गव्हापेक्षा राय भरवशाचं, म्हणून शेकडो वर्षं सामान्य डॅनिश माणसाचं पोट या ब्रेडवर भरलं. ज्वारीची भाकरी जशी सोलापूरकडच्या जेवणाचा पाया आहे, तसं डेन्मार्कमध्ये रूब्रोडचं स्थान आहे. रायच्या पिठात गव्हासारखा ताणणारा चिकटपणा नसतो, त्यामुळे हा ब्रेड फुगून हलका होत नाही. शिवाय रायमधली विकरं भट्टीत स्टार्च तोडू लागतात आणि ब्रेड आतून गिजगिजा राहतो. ते रोखायला आंबटपणा लागतो, म्हणून रूब्रोड आंबवलेल्या पिठाच्या विरजणावर करतात. भाजून झाल्यावर तो लगेच कापत नाहीत, बराच वेळ मुरू देतात. मग सेंटीमीटरपेक्षाही पातळ काप निघतात: जड, ओलसर, किंचित आंबट, दाताखाली अख्खे दाणे येणारे. वर जे काही येणार ते बहुतेक तुपकट, खारट किंवा गोडसर असतं. त्याला तोलून धरायचं काम हा आंबटपणा करतो. वरचं खाऊन ब्रेड बाजूला ठेवणारे पाहुणे दिसतात तेव्हा मला खरंच वाईट वाटतं. अर्धा पदार्थ ताटलीत राहिलेला असतो.

दुसरी सामाईक गोष्ट लोणी, तेही मीठ घातलेलं आणि कडेपर्यंत लावलेलं. लोणी इतकं जाड हवं की चावा घेतल्यावर त्यात दातांच्या खुणा उमटल्या पाहिजेत, अशी जुनी डॅनिश अपेक्षा आहे. चवीइतकाच त्यामागे व्यवहारही आहे. लोण्याचा अखंड थर वरचं पाणी ब्रेडमध्ये झिरपू देत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वस्त धान्याच्या आयातीमुळे डॅनिश शेतकरी दुग्धव्यवसायाकडे वळला, 1882 मध्ये ह्येडिंग या गावी पहिली सहकारी डेअरी सुरू झाली आणि लोणी हा देशाचा मोठा व्यवसाय झाला. स्मोरब्रोडची भरभराट याच काळातली. कोपनहेगनचं शॉनमन हे स्मोरब्रोडसाठी प्रसिद्ध असलेलं भोजनगृह 1877 चं, तर ओस्कार डेव्हिडसन यांचा व्यवसाय 1888 चा. डेव्हिडसन घराण्याची स्मोरब्रोडची यादी पुढे 140 सेंटीमीटर लांब झाली.

इथून दोन वाटा फुटतात. कारखाने आणि कचेऱ्या आल्या, दुपारचं गरम जेवण घरी जाऊन घेणं अवघड झालं, तेव्हा कामाच्या ठिकाणी नेता येईल असं थंड जेवण हवं झालं. ती हॉनमॅडची वाट. त्याच शहरात हाती पैसा आलेला वर्ग दुपारी बाहेर बसून निवांत जेवू लागला. त्याच्यासाठी भोजनगृहांनी तोच ब्रेड घेऊन वर थर चढवायला सुरुवात केली. ती स्मोरब्रोडची वाट. ते रचणं हे पुढे शिकून घ्यायचं कौशल्य झालं. त्यात तरबेज असलेल्या व्यक्तीला स्मोरब्रोडयॉम्फ्रू म्हणतात आणि त्याचं रीतसर प्रशिक्षण असतं.

फरक नेमका कुठे पडतो हे एकाच घटकाचा माग काढला की स्पष्ट दिसतं. लेव्हरपोस्टाय घ्या. डुकराची कलेजी, चरबी, कांदा, थोडं पीठ आणि मसाला वाटून भट्टीत भाजलेला हा गोळा, प्रत्येक सुपरमार्केटमध्ये फॉइलच्या तबकात मिळतो. हॉनमॅड करणारा सकाळच्या घाईत रूब्रोडचा अर्धा काप घेतो, त्यावर लेव्हरपोस्टाय फासतो, वर काकडीच्या दोन चकत्या किंवा व्हिनेगरमध्ये मुरलेलं बीट ठेवतो, आणि झालं. मध्ये कागद घालून त्यावर दुसरा तुकडा, पुन्हा कागद. डब्याच्या मापाचे असे कागद कापलेलेच विकत मिळतात. डॅनिश शाळांमध्ये बहुतेक मुलं घरूनच डबा नेतात, त्यामुळे हे काम लाखो स्वयंपाकघरांत रोज सकाळी चालतं. मुलांसाठी तर ब्रेडच्या मापाच्या चॉकलेटच्या पातळ पट्ट्याही मिळतात. लोण्यावर ती पट्टी ठेवली की तीही हॉनमॅडच.

आता तोच लेव्हरपोस्टाय काचेमागे बघा. तिथल्या एका प्रकाराला 'गुरांच्या डॉक्टरचं रात्रीचं खाणं' अशा अर्थाचं नाव आहे. ओस्कार डेव्हिडसनकडे नेमाने येणाऱ्या एका पशुवैद्याच्या आवडीवरून ते पडलं. रूब्रोडवर लोणी किंवा चरबी, त्यावर लेव्हरपोस्टायचा जाड काप, वर मिठात मुरवून शिजवलेल्या गोमांसाच्या पातळ चकत्या, त्यावर मांसाच्या रश्शाची थंड करून जमवलेली तपकिरी, थरथरती जेली. मग कच्च्या कांद्याची गोल वेटोळी आणि सगळ्यात वर बारीक हिरवा तुरा. तो तुरा जवळून पाहा: ती हळिवाची कोवळी रोपं असतात. आपण ज्याचे लाडू बाळंतिणीला देतो तेच हळीव. फक्त आपण बी खातो आणि डॅनिश लोक रोपटं. ती तिखटसर चव इथे शोभेसाठी नाही. कलेजीचा तुपकटपणा कापायला कांदा आणि हळीव आहेत, मांसाचा खारटपणा सौम्य करायला जेली आहे. एक थर काढला तर बाकीचे एकमेकांवर कुरघोडी करू लागतात.

माझ्या मते खरी खूण हीच. हॉनमॅडमध्ये जेवण म्हणजे ब्रेड, आणि वरचा थर त्याला चव देतो. बीट नसेल तर काकडी, काकडी नसेल तर काहीच नाही, तरी हॉनमॅड हॉनमॅडच राहतो. स्मोरब्रोडमध्ये जेवण म्हणजे ती रचना. भाजलेल्या थंड गोमांसाच्या चकत्यांवर पिवळसर रेमुलाद (मेयोनेजचा सॉस), तळलेला कुरकुरीत कांदा, हॉर्सरॅडिश या झणझणीत मुळाचा कीस आणि मुरवलेली काकडी हे ठरलेलं. डुकराच्या भाजलेल्या मांसाबरोबर लाल कोबी ठरलेला. हॉर्सरॅडिश विसरलेलं रोस्टबीफ डॅनिश माणूस परत पाठवणार नाही कदाचित, पण त्याच्या लक्षात नक्की येईल. ब्रेडही ठरलेला: कोळंबी बहुधा पांढऱ्या ब्रेडवर, कारण तिची नाजूक चव रायपुढे टिकत नाही. हेरिंग मासा मात्र रायवरच.

दुकानांच्या फलकांवर या दोन टोकांच्या मधल्याही पायऱ्या दिसतात. स्मोरब्रोडच्या दुकानात हॉनमॅडही तयार मिळतात, ते सगळ्यात स्वस्त. त्यावरची पायरी म्हणजे 'जे असेल ते' प्रकारचं स्मोरब्रोड: सजावट असते, पण वर काय हवं हे आपण निवडायचं नाही. सगळ्यात वर 'उंच रचलेलं'. बाजारातल्या काउंटरवर काचेमागे दिसतं ते बहुतेक या शेवटच्या गटातलं, आणि पैसे त्याच कामाचे असतात.

आता खाण्याकडे. हॉनमॅडला काही नियम नाहीत. स्मोरब्रोडचा क्रम मात्र पाळण्यासारखा आहे: आधी हेरिंग, मग इतर मासे, मग मांस, शेवटी चीज. भोजनगृहात हेरिंगनंतर ताटली बदलतात, कारण व्हिनेगरचा वास पुढच्या सगळ्याला लागतो. बाजारात एकाच ताटलीत दोन प्रकार घेतले असतील तर निदान हेरिंग आधी संपवा. हेरिंगची धास्ती घेऊ नका. मिठात मुरवलेला हा मासा नंतर साखर, व्हिनेगर आणि मसाल्यांच्या पाकात राहतो. तुकडा चंदेरी, घट्ट आणि जिभेवर आधी गोड, मग आंबट लागतो. वर कांदा आणि बऱ्याचदा केपर्स, म्हणजे खारवलेल्या छोट्या कळ्या. त्याचा पिवळा भाऊ म्हणजे करी घातलेल्या सॉसमधला हेरिंग, बहुतेक उकडलेल्या अंड्याबरोबर. आपल्या जिभेला ती करी फार सौम्य वाटेल. रस्सा म्हणून तिच्याकडे पाहू नका. मोहरीच्या फोडणीची अपेक्षा सोडली की ती आवडते. मला साध्या हेरिंगपेक्षा तीच जास्त आवडते.

सुरी वरपासून खालपर्यंत, ब्रेडसकट न्यायची. प्रत्येक घासात सगळे थर यायला हवेत. आधी कोळंबी वेचून खाल्ली, मग अंडं, मग ब्रेड, असं केलं तर कोणी काही म्हणणार नाही, पण ज्याने ते रचलं त्याचं काम आपण मोडून टाकलेलं असतं. दोन नग पुरतात. तिसरा बऱ्याच जणांना जड जातो.

मांस-मासे न खाणाऱ्यांसाठी काउंटर रिकामा नाही, पण नीट विचारावं लागतं. बटाट्याचं स्मोरब्रोड हा अस्सल पारंपरिक प्रकार आहे: उकडून थंड केलेल्या बटाट्याच्या चकत्या, मेयोनेज, कांद्याची पात आणि कुरकुरीत तळलेला कांदा. काही ठिकाणी त्यावर बेकनचे तुकडे येतात, ते नको म्हणून आधीच सांगा. अंडं चालत असेल तर अंडं-टोमॅटो आहे. अंडं मुळीच चालत नसेल तर मेयोनेज आणि रेमुलाद दोन्ही वगळावे लागतात, मग चीजच उरतं. चीजवरसुद्धा ती तपकिरी जेली घालायची पद्धत आहे, म्हणून तेही विचारा. 2006 मध्ये शेफ आडम ऑमन यांनी कोपनहेगनमध्ये दुकान काढून स्मोरब्रोडला नवं रूप दिलं, तेव्हापासून ताज्या भाज्यांना जास्त जागा मिळू लागली आहे. त्यामुळे शाकाहाऱ्यांची स्थिती पूर्वीपेक्षा बरी आहे.

स्मोरब्रोड हे दुपारचं जेवण. पुष्कळ जुनी भोजनगृहं संध्याकाळी बंदच असतात आणि बाजारातही उशिरा गेलं तर हवा तो प्रकार संपलेला असतो, म्हणून बाराच्या सुमारास पोचलेलं बरं. पुठ्ठ्याच्या खोक्यात बांधूनही देतात, पण शक्य असेल तर तिथेच उभं राहून खा. हॉनमॅड पिशवीत उलटासुलटा झाला तरी दुपारी तसाच लागतो, त्यासाठीच तो केलेला असतो. स्मोरब्रोडवरचा तळलेला कांदा मात्र थोड्या वेळात मेयोनेजचा ओलावा ओढून मऊ पडतो आणि जेली उन्हात पाझरू लागते. न्यायचंच असेल तर खोका दोन्ही हातांनी आडवा धरा, आणि कुरकुरीत कांदा वेगळ्या कागदात बांधून मागा.