रानडुकरामागचे कुत्रे: नाक वेगळे, जबडा वेगळा

टेक्सास किंवा लुइझियानात रानडुकराच्या शिकारीला निघालेली टोळी पाहिली, तर कुत्र्यांमधला फरक लगेच डोळ्यांत भरतो. दोन-तीन सडपातळ, लांब पायांचे कुत्रे मोकळे सोडलेले असतात. एक रुंद छातीचा, जड डोक्याचा कुत्रा मात्र शिकाऱ्याच्या हातातल्या पट्ट्याला बांधलेला असतो. मोकळे कुत्रे माग काढतात आणि डुक्कर सापडले की त्याला घेरून भुंकत राहतात. त्यांना तिकडे ‘बे डॉग’ म्हणतात. पट्ट्यावरचा तो ‘कॅच डॉग’. डुक्कर एका जागी अडले की त्याला सोडतात. तो सरळ जाऊन डुकराचा कान धरतो आणि माणूस पोचेपर्यंत सोडत नाही.

ही वाटणी अमेरिकेने शोधलेली नाही. रानडुकरासाठी कुत्रे निवडण्याचा आणि त्यांची पैदास करण्याचा इतिहास म्हणजे बराचसा याच वाटणीचा इतिहास आहे. कधी नाकाला महत्त्व आले, कधी जबड्याला. दोन्ही एकाच कुत्र्यात आणण्याचा ध्यास काहींनी आयुष्यभर घेतला. त्याची किंमत प्रत्येक वेळी कुत्र्यांनीच मोजली, हे विसरून या विषयावर लिहिता येत नाही.

आधी जनावर समजून घ्यायला हवे. नर रानडुकराचे खालचे सुळे आयुष्यभर वाढतात आणि वरच्या सुळ्यांवर घासून त्यांना सतत धार लागत राहते. तो डोके खाली घालून येतो आणि वर झटका देतो. समोरून गेलेल्या कुत्र्याची छाती किंवा मान त्या एका झटक्यात फाटते. त्याच्या खांद्यावर चामडीचा जाड, चिवट थर असतो, तिथे दात रुतत नाहीत. म्हणून कान धरायचा. कान धरलेला कुत्रा डुकराच्या गालाला लागून, अंगाला समांतर राहतो आणि सुळ्याच्या फटक्यातून बराचसा वाचतो. पण त्यासाठी वजन लागते, रुंद जबडा लागतो. असे शरीर आणि आखूड तोंड असलेला कुत्रा पळताना लवकर तापतो आणि धापा टाकू लागतो. मैलोन्‌मैल माग काढणे त्याला जमत नाही. स्वभावाचेही तसेच. माग काढणाऱ्याला डुकराचा थोडा धाक हवाच, नाहीतर तो पहिल्याच हंगामात मरतो. धरणाऱ्याला तो धाक असून चालत नाही.

ग्रीक लेखक झेनोफोनने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात शिकारीवर लिहिताना रानडुकरासाठी भारतीय, क्रीटचे, लोक्रिसचे आणि लॅकोनियाचे कुत्रे सांगितले आहेत. त्या जातींमधलेही कुठलेही चालणार नाहीत, जनावराशी झुंजायला तयार असलेलेच निवडा, असे तो बजावतो. त्याची पद्धत आजच्या टेक्सासच्या शिकाऱ्यालाही ओळखीची वाटेल. लॅकोनियाची एकच कुत्री मागावर सोडायची आणि बाकीचे बांधून ठेवायचे. डुक्कर कुठे दडले आहे ते कळले की जाळी लावायची आणि मगच सगळे सोडायचे. या शिकारीत बरेच कुत्रे मरतात, हेही त्याने आडपडदा न ठेवता लिहून ठेवले आहे. भारतीय कुत्रे त्या काळी इराणी साम्राज्यातून पश्चिमेकडे पोचत. बॅबिलोनच्या इराणी सुभेदाराच्या भारतीय कुत्र्यांना पोसण्याच्या बदल्यात चार मोठ्या गावांना इतर कर माफ होते, असे हिरोडोटसने नोंदवले आहे.

मध्ययुगात दोन कामांमधला हा फरक किमतीतही उतरला. पिरेनीज पर्वताच्या पायथ्याच्या फ्वा प्रांताचा काउंट गास्तों फेब्युस याने 1387 मध्ये शिकारीवरचा आपला ग्रंथ लिहायला घेतला. त्यात ‘अलाँ’ नावाच्या दणकट कुत्र्यांचे तीन प्रकार दिले आहेत. सर्वांत जड आणि ओबडधोबड प्रकार रानडुकरावर घालण्यासाठी होता. पुढे याच ग्रंथाच्या आधारे झालेल्या इंग्रजी पुस्तकात तर स्पष्टच म्हटले आहे, की हे कुत्रे इतके बेढब असतात की डुकराने मारले तरी फारसे नुकसान नाही. माग काढणारा चांगला कुत्रा तयार करायला वर्षे लागत, धरणारा मेला तर दुसरा आणायचा, असा तो हिशेब होता. त्या एका वाक्याने मी अस्वस्थ होतो, कारण ते क्रौर्याच्या भरात लिहिलेले नाही. तो व्यवहार होता आणि पैदासही त्या व्यवहाराच्या कलानेच झाली.

जर्मन राजदरबारांनी या शिकारीचे मोठे प्रदर्शन मांडले. जड, उंच, झेप घेऊन धरणारे कुत्रे तिथे मोठ्या संख्येने बाळगले जात. त्यातल्या लाडक्या कुत्र्यांना जाड शिवलेली चिलखते घालत. जुन्या चित्रांत ती दिसतात. मग बंदूक सुधारली, 1848 च्या उठावांनंतर सरदारांचे शिकारीचे विशेष हक्क गेले आणि त्या कुत्र्यांचे कामच संपले. उरलेल्या वंशाचे काय करायचे, याचे उत्तर प्रदर्शनांनी दिले. 1880 मध्ये बर्लिनमध्ये ‘डॉयचे डॉगे’ या जातीचे निकष ठरले, 1888 मध्ये तिचा क्लब स्थापन झाला. आपण तिला ग्रेट डेन म्हणतो. आजच्या निकषाप्रमाणे नर खांद्यापाशी किमान 80 सेंटिमीटर उंच हवा. तो डौलदार आहे, प्रेमळ आहे, पण रानडुकरामागे त्याला आता कोणी नेत नाही.

त्याच जर्मनीत पहिल्या महायुद्धानंतर काही शिकाऱ्यांनी अगदी उलटी वाट धरली. फॉक्स टेरिअरची पैदास प्रदर्शनाकडे झुकली म्हणून ते नाराज होते. त्या जातीतल्या काळ्या-तांबूस पिल्लांपासून त्यांनी ‘यागडटेरिअर’ घडवला. त्याचा क्लब 1926 मध्ये स्थापन झाला. उंची 33 ते 40 सेंटिमीटर, वजन जेमतेम 10 किलोपर्यंत. हा कुत्रा आज झुडपांत घुसून रानडुकरांना बाहेर काढतो. काम बंदूक करणार असेल तर धरण्याची गरज नाही, डुकराला हलवणारा चपळ आणि चिवट कुत्रा पुरतो. मला हे सगळ्या इतिहासातले सर्वांत बोलके उदाहरण वाटते. हत्यार बदलले तसा कुत्रा बदलला.

अमेरिका खंडात डुकरे युरोपीयांनीच नेली. कोलंबसने 1493 च्या दुसऱ्या सफरीत आठ डुकरे कॅरिबियन बेटांवर उतरवली. स्पॅनिश मोहिमेचा म्होरक्या एर्नांदो दे सोतो 1539 मध्ये फ्लोरिडात उतरला तेव्हा त्याच्याबरोबर डुकरांचा कळप आणि लढाऊ कुत्रे, दोन्ही होते. पुढची दोन-तीनशे वर्षे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या वस्त्यांत डुकरे कुंपणाबाहेर मोकळी चरत. कोणाचे डुक्कर कोणते, हे कानाला घातलेल्या खाचांवरून ओळखायचे आणि हंगामाला ती गोळा करायची. तिथला कुत्रा मुळात शिकारी नव्हता, गुराख्याचा सोबती होता.

लुइझियानातल्या कॅटाहूला कुत्र्याची पद्धत पाहण्यासारखी आहे. तो डुकरांना हाकत नाही, चिडवतो. जवळ जातो, भुंकतो, मागे हटतो. कळप संतापून त्याच्या मागे लागतो आणि तो पळत पळत त्यांना थेट कोंडवाड्यात घेऊन जातो. मग पलीकडच्या कुंपणावरून उडी मारून स्वतः बाहेर पडतो. असा कुत्रा घडवायला सुळ्यापासून हातभर अंतर राखण्याची अक्कल लागते. ती नसलेले कुत्रे पिल्ले होण्याआधीच मरत, म्हणजे निम्मी निवड डुक्करच करत असे. टेक्सासचा ब्लू लेसी याच परंपरेतला. 1858 मध्ये केंटकीहून आलेल्या लेसी बंधूंनी तो मोकळ्या डुकरांसाठी वाढवला. कॅटाहूलाला लुइझियानाने 1979 मध्ये राज्याचा कुत्रा ठरवले, ब्लू लेसीला टेक्सासने 2005 मध्ये.

कुंपणाचे कायदे आले आणि मोकळे चरणे बंद झाले, तशी या कुत्र्यांची गरज घटली. पण रानात राहिलेली डुकरे वाढतच गेली. 1912 मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या हूपर बाल्ड या डोंगरमाथ्यावर शिकारीच्या हौसेपायी युरोपातली रानडुकरे आणून कुंपणात ठेवली. दहाएक वर्षांनी तिथे कुत्रे घेऊन शिकार झाली. त्यात कुत्रे मेले, जखमी झाले आणि बिथरलेली डुकरे कुंपण फोडून जंगलात गेली. पाळीव वंशाच्या मोकाट डुकरांशी त्यांचा संकर झाला. आज अमेरिकेत अशी किमान 60 लाख डुकरे असल्याचा सरकारी अंदाज आहे. शेतीचे नुकसान इतके आहे की 2014 पासून केंद्रीय कृषी खात्याने त्यासाठी स्वतंत्र कार्यक्रम चालवला आहे. जुन्या कुत्र्यांना नवे काम मिळाले. धरण्यासाठी दक्षिणेतल्या शेतांवरचा बुलडॉग पुन्हा पुढे आला. दुसऱ्या महायुद्धानंतर तो संपत आला होता, तेव्हा जॉन जॉन्सन आणि अ‍ॅलन स्कॉट यांनी खेड्यापाड्यांतून उरलेसुरले कुत्रे जमवून ‘अमेरिकन बुलडॉग’ टिकवला.

नाक आणि जबडा एकत्र आणण्याचा सर्वांत धाडसी प्रयत्न मात्र अर्जेंटिनातला. तिथे पेद्रो लुरो याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ला पाम्पातल्या आपल्या जमिनीवर शिकारीसाठी युरोपातली रानडुकरे आणून सोडली होती आणि ती पसरत होती. कोर्दोबा शहरातल्या अंतोनियो नोरेस मार्तिनेस या तरुणाने 1920 च्या दशकात, भाऊ अगुस्तिन याच्या साथीने, एक नवी जात घडवायला घेतली. पाया होता कोर्दोबाचा झुंजीचा कुत्रा. निर्भय, वेदना न जुमानणारा, पण इतका भांडखोर की समागमाऐवजी नर-मादी एकमेकांवर तुटून पडत. अशा कुत्र्याने टोळीत शिकार करणे अशक्यच. म्हणून अंतोनियोने एकेक गुण जोडत नेला. पॉइंटरकडून हवेतला वास घेणारे नाक, ग्रेट डेनकडून उंची, आयरिश वुल्फहाउंडकडून वेग, पिरेनीजच्या कुत्र्याकडून पांढरा रंग आणि दाट केस. शिवाय बॉक्सर, बुल टेरिअर, बुलडॉग, स्पॅनिश मास्टिफ आणि बोर्दोचा डॉग. ठरलेला हेतू समोर ठेवून इतक्या जातींचे रक्त मिसळण्याचा असा पद्धतशीर प्रयोग विरळाच.

1956 मध्ये अंतोनियो गेला आणि अगुस्तिनने काम पुढे नेले. 1964 मध्ये अर्जेंटिनाच्या श्वान-संघटनेने आणि 1973 मध्ये आंतरराष्ट्रीय श्वान-महासंघाने ‘डोगो आर्हेंतिनो’ला मान्यता दिली. हा कुत्रा टोळीत चालतो, माग काढतो आणि धरतोही. अंतोनियोचे मोठेपण मला जबडा घडवण्यात दिसत नाही. टोळीतल्या दुसऱ्या कुत्र्याला सहन करणारा स्वभाव त्याने परत आणला, हे त्याचे खरे काम.

पण पांढऱ्या रंगाची किंमत होती. झाडीत कुत्रा उठून दिसावा, चुकून गोळी लागू नये म्हणून हा रंग हवा होता. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी आतल्या कानातही लागतात. त्या तिथे पोचल्या नाहीत तर पिल्लू काही आठवड्यांतच बहिरे होते. डोगोमध्ये एका किंवा दोन्ही कानांचे बहिरेपण आढळते. तमिळनाडूत रानडुकरांच्या शिकारीशी जोडलेल्या, पांढऱ्या रंगासाठीच जपलेल्या राजापालयम कुत्र्यातही हाच दोष दिसतो. एका कानाने बहिरे पिल्लू चटकन ओळखू येत नाही, ते पैदाशीत वापरले जाते आणि दोष पुढे सरकतो. पिल्लाच्या डोक्यापाशी बारीक सुया लावून मेंदूपर्यंत पोचणारा आवाजाचा संकेत मोजता येतो. ही तपासणी न करता डोगोची पैदास करणे मला बेजबाबदारपणाचे वाटते.

जपानने वेगळा मार्ग घेतला. तिथल्या डोंगराळ भागातले किशू, काई आणि शिकोकू हे मध्यम बांध्याचे कुत्रे रानडुकरामागे जात. बाहेरच्या जातींशी संकर वाढल्यावर 1930 च्या दशकात सरकारने त्यांना नैसर्गिक वारसा म्हणून संरक्षण दिले. हे प्रामुख्याने अडवणारे कुत्रे, माणूस पोचेपर्यंत डुक्कर थोपवणारे.

ऑस्ट्रेलियात 1788 च्या पहिल्या वसाहतीबरोबर डुकरे आली. न्यूझीलंडमधल्या रानडुकरांना आजही कॅप्टन कुकचे नाव चिकटलेले आहे. दोन्हीकडच्या शिकाऱ्यांना वंशावळीच्या कागदाचे फारसे कौतुक नाही. ऑस्ट्रेलियातला ‘बुल अरब’ हा बुल टेरिअर, ग्रेहाउंड आणि जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर यांच्या संकरातून आला. न्यूझीलंडमध्ये ‘फाइंडर’ (शोधणारा), ‘बेलर’ (थोपवणारा) आणि ‘होल्डर’ (धरणारा) ही कामाची नावेच जातीपेक्षा महत्त्वाची. शिवाय तिथे एक अट आणखी: जंगलात किवी पक्षी असतात, म्हणून शिकारी कुत्र्याला किवीपासून दूर राहायचे शिक्षण द्यावे लागते.

लुइझियानातल्या विनफिल्डमध्ये 1995 पासून कुत्र्यांच्या स्पर्धा होतात. कुंपणात डुक्कर असते आणि कुत्र्याने त्याला न धरता, नजर न हटवता, भुंकून थोपवायचे असते. दुसरीकडे कोंडलेल्या डुकरावर धरणारे कुत्रे सोडून घड्याळ लावण्याचे खेळही चालत. 2000 नंतर लुइझियानासह अनेक राज्यांनी त्यांना बंदी घातली आणि ते योग्यच झाले. तिथे ना डुकराला पळायला जागा असते, ना कुत्र्याच्या अकलेची परीक्षा होते.

आज कुत्र्याच्या छातीवर आणि मानेवर सुळ्याला दाद न देणारे कापड असते. पण रानडुकरांकडून येणारा ऑयेस्की हा विषाणूचा रोग कुत्र्याला दोन-तीन दिवसांत मारतो आणि त्यावर इलाज नाही. कच्चे मांस न देणे, एवढे तरी हातात असते. जीपीएसच्या पट्ट्यांनी निवडीचे गणितही हलवले आहे. पूर्वी भुंकणे ऐकू येणार नाही इतक्या लांब जाणारा कुत्रा कितीही हुशार असला तरी कामाचा नसे, त्याची पिल्ले कोणी मागत नसे. आता तो कोणत्या ओढ्यात थांबला आहे ते पडद्यावर दिसते. त्यामुळे लांब जाणाऱ्या, मागावर गप्प राहणाऱ्या आणि डुक्कर अडल्यावरच तोंड उघडणाऱ्या कुत्र्यांची पिल्ले शिकारी आवर्जून ठेवू लागले आहेत.