रक्त दिसलं म्हणजे सरकारी प्रचार नव्हे

सिगारेटच्या पाकिटातली चित्रं जमवणाऱ्याला कार्ड म्हणजे काय हे सांगायला नको; इतरांसाठी, सिगारेट किंवा च्युइंगगमबरोबर मिळणारी, जमवायची छोटी चित्रं म्हणजे ही कार्डं. पण कार्डावर युद्ध दिसलं की लगेच 'सरकारी प्रचार' म्हणून मोकळं व्हायचं, हे वाचून वाचून मला वीट आला आहे. 1938 सालच्या दोन संचांबाबत तर हा घोळ हमखास होतो.

एक अमेरिकेतला 'हॉरर्स ऑफ वॉर', म्हणजे युद्धाची भीषणता. फिलाडेल्फियाच्या गम इन्कॉर्पोरेटेडने च्युइंगगमबरोबर एका सेंटला विकलेला, 288 कार्डांचा. दुसरा ब्रिटनमधला 'एअर रेड प्रिकॉशन्स', म्हणजे हवाई हल्ल्यापासून बचाव, विल्स सिगारेटबरोबर मिळणारा, 50 कार्डांचा. देश, किंमत, संख्या हे फरक कुणालाही दिसतात.

गफलत होते ती रक्तामुळे. अमेरिकन कार्डांवर चीन, स्पेन, इथिओपिया इथली लढाई आहे. लालभडक ज्वाळा, छिन्नविच्छिन्न देह. म्हणून लोक त्यालाच सरकारचं काम समजतात. तो निव्वळ खासगी धंदा होता. जाहिरात क्षेत्रातले जॉर्ज मॉल बातम्यांच्या आधारे मजकूर लिहीत आणि चित्रकार अमेरिकेत बसून, जणू डोळ्यांदेखत घडलं असं रंगवत. कार्डावर छापलेलं असे की या सत्यकथा आहेत, युद्धाची भीषणता कळली की शांतताच हवीशी वाटते. पण चीनवर चालून गेलेला जपानी सैनिक पुन्हा पुन्हा क्रूरकर्मा म्हणूनच समोर आला, तर पोराच्या मनात शांतता कुठून रुजणार? जपानी फौजांनी अत्याचार केले, यात शंका नाही. तरी 14 ऑगस्ट 1937 ला शांघायमध्ये हजाराहून जास्त नागरिक मेले ते चिनी विमानांचे बॉम्ब भलतीकडे पडून. एका खलनायकाच्या चित्रात हे बसत नाही. शिवाय कार्ड स्फोटापाशीच थांबतं. पुढचं आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांनी निस्तरलं. ते 1938 मध्ये याच चीन-जपान युद्धात चीनला गेले आणि 1940 च्या एका लढाईत सलग 72 तास जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले.

सरकारचा हात होता तो ब्रिटिश संचात. गृहखात्याच्या सहकार्याने निघालेल्या या कार्डांवर रक्ताचा थेंब नाही. आसऱ्यासाठी खोली कुठली निवडायची, खिडकीच्या फटी वायू शिरू नये म्हणून कशा बुजवायच्या, गॅस मास्क कसा चढवायचा, आगलाव्या बॉम्बवर वाळू कशी टाकायची. माणसं नीटनेटकी, चेहरे शांत. यातली बरीच माहिती उपयोगाची होती, हे मी मान्य करतो. तरीही मला हाच संच जास्त फसवा वाटतो. अमेरिकन कार्डातला भडकपणा दिसतो तरी, त्यावर शंका घेता येते. इथे मात्र घर शाबूत आहे हे गृहीतच धरलं आहे, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

विषारी वायूचा हल्ला ब्रिटनवर झालाच नाही. सप्टेंबर 1940 ते मे 1941 च्या बॉम्बवर्षावात स्फोटांनी आणि आगींनी सुमारे 43,000 नागरिक मेले. त्यातल्या कितीतरी घरांत फटी बुजवायला खिडकीच उरली नव्हती.